देवरेनानांची बजावणी

आमच्या तळमजल्यावरचे देवरेनाना लग्नपत्रिका वाटत नाहीत, बजावतात. सोसायटीत कार्य कोणाचंही असो, गठ्ठा त्यांच्याकडेच. कोणाच्या दारासमोर कधी उभे राहत नाहीत, तर बाजूला, भिंतीला खेटून. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, दार उघडल्यावर आधी काय बाहेर येईल याचा भरवसा नसतो, कुत्रं किंवा काठी. मग "घरमा कोनी शे का?" अशी त्यांची सटाण्याकडची अहिराणी हाक. दार उघडलं की अख्खी पत्रिका खड्या आवाजात वाचणार, त्यात ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ हेसुद्धा. शेवटी वही पुढे करणार. "सही करा. वेळ टाका. प्रत मिळाली, असं लिहा."

नाना जिल्हा कोर्टातले निवृत्त बेलिफ, म्हणजे समन्स आणि नोटिसा घेऊन लोकांच्या दारात जाणारा माणूस. मी त्याच कोर्टात कारकून आणि त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते. त्यामुळे नानांबद्दलच्या सगळ्या तक्रारी सोसायटी माझ्याकडे दाखल करते.

कुलकर्ण्यांची तक्रार तर खरीच होती. ते सहकुटुंब त्र्यंबकेश्वरला गेले होते. दाराला कुलूप. नानांच्या हातात त्यांच्या नावाचं मुंजीचं आमंत्रण. नानांनी घरी जाऊन खळ शिजवली, दूधवाला आणि इस्त्रीवाला असे दोन पंच उभे केले आणि त्यांच्यासमक्ष आमंत्रण दारावर डकवलं. संध्याकाळी कुलकर्णी परतले तर जिन्यात ही गर्दी, आणि कोणीतरी उठवून दिलेलं की जप्ती आली. काकू पायरीवरच बसल्या. पाच लाडवांचा डबा घेऊन नाना माफी मागायला गेले, पण उंबऱ्याच्या आत काही गेले नाहीत. डबा बाहेरूनच सरकवला.

आत न जाणं हा त्यांचा नियम. "पार्टीच्या घरचं पाणी नाही," असं ते म्हणतात. नोकरीत असताना कोणाच्या घरी पाणी प्यायलं तर दुसरा पक्ष म्हणणार, बेलिफ मिळालेला आहे. नोकरी सुटली, नियम नाही सुटला. तसंही, एकदा ते हसत म्हणाले होते, बेलिफाला ‘या, बसा’ म्हणतं कोण? लोक ‘घरी नाहीत’ म्हणतात, तेही स्वतःच.

तर यंदा आमच्या कोर्टात ठरलं की जिल्ह्यातल्या कोर्टांच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं. माझ्या तर अंगात वारं भरलं. जुने फोटो, शिक्के, दौती, रोज काहीतरी नवीन सापडत होतं. मी घरी येऊन नानांना सांगायची आणि नाना माझ्याहून जास्त पेटायचे. त्यांचं म्हणणं, हे सगळं ठीक आहे, पण कोर्ट चाललं ते बेलिफाच्या चपलेवर. न्यायाधीशानं हुकूम लिहिला, पण तो कळवणला नेला कोणी?

त्यांनी मला जो इतिहास सांगितला तो कुठल्याच पुस्तकात नाही. एसटी नव्हती तेव्हा बेलिफ भाकरी बांधून पायी निघायचा, हे त्यांनी त्यांच्या साहेबांकडून ऐकलेलं. लांबच्या गावचा पक्षकार तारखेच्या आदल्या दिवशी येऊन कोर्टाच्या आवारात पथारी टाकायचा. मग एकेका तालुक्याला कोर्ट झालं, पथाऱ्या कमी झाल्या. नाना स्वतः सायकलवर. आता नोटीस मोबाईलवरही जाते. "पण मोबाईलला कुत्रं चावत नाही," ते म्हणाले, "मग त्याला काय कळणार?"

आणि एका रविवारी त्यांनी मला नकाशा आणून दिला. कार्डशीटवर अख्खा नाशिक जिल्हा, सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत, पेननं काढलेला. कोर्टाची गावं लाल. चिखलाच्या वाटा तपकिरी. काळे ठिपके म्हणजे कुत्री. बाण म्हणजे मागची दारं, जिथून माणसं पळायची. मी तो घेऊन कोर्टात आमच्या साहेबांकडे अक्षरशः धावत गेले. साहेब दहा मिनिटं हसले आणि म्हणाले, हा दारातच लावा, सगळ्यांत आधी.

जुन्या लोकांना आमंत्रणं द्यायची होती. निवृत्त न्यायाधीश, वकील, शिरस्तेदार, शिपाई. यादी मी केली आणि गठ्ठा अर्थातच नानांकडे दिला. चार दिवसांत त्यांनी एकलहऱ्यापासून गंगापूर रोडपर्यंत सगळी बजावणी केली. सह्यांची वही मला दिली, आणि गेले नाहीत.

"काही राहिलं तर नाही ना?"

मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात परत तेच. तिसऱ्या दिवशी ते दूध आणायला निघाले होते, थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ताई, यादीत ‘द’ अक्षर एकदा बघून घे. घाईत होतं कधीकधी." मी म्हटलं, नाना, तुम्ही उगाच काळजी करता.

त्या दिवशी प्रदर्शनाचा मंडप उभा राहिला. साहेबांनी विचारलं, नकाशा काढणारे येणार आहेत ना? मी म्हटलं, येणार म्हणजे काय, नाना देवरे... आणि जीभ चावली. ‘द’मध्ये दाभाडे वकील होते. देवरे नव्हते. आमंत्रण वाटणाऱ्यालाही आमंत्रण लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार दिवस हा माणूस प्रत्येक पाकीट फिरवून नाव वाचत होता, आणि गठ्ठा संपला होता. उद्या दारात त्यांचा नकाशा लागला असता आणि नाना घरी बसले असते, कारण बिनबोलावता ते फक्त हुकमानं जातात. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रिक्षात रडू आलं.

पाकिटावर पूर्ण नाव घातलं. घरी नवऱ्याला बरोबर घेतलं आणि खाली जाऊन भिंतीला खेटून उभी राहिले. "घरमा कोनी शे का?"

नानांनी दार उघडलं. मी वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यांनी न मागता आधारकार्ड आणून दाखवलं. वही घेतली, सही केली, घड्याळ बघून वेळ टाकली, ‘प्रत मिळाली’ लिहिलं.

"दारात बेलिफ उभा राहिला की समोरच्याला कसं धडधडतं," ते म्हणाले, "ते आज कळलं." मग बाजूला सरकले. "ये ताई, बठ. पाहुणे, तुम्हीपण."

मी म्हटलं, पार्टीच्या घरचं पाणी चालत नाही ना? ते आत गेले. पाणी आणतील असं वाटलं, तर एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्या हातात खळीची वाटी. बाहेर येऊन त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि आमंत्रण स्वतःच्याच दारावर डकवलं, चारी कोपरे अंगठ्यानं दाबून.

"नाना, माणूस घरी असताना डकवत नाहीत," मी म्हटलं.

"राहू दे. जाणाऱ्यायेणाऱ्यांना दिसेल." मग आमच्या दोघांकडे बघून म्हणाले, "पंच पण आहेत."