तारूवरील बाग, हट्टी शेळी आणि एक रिकामी फळी यांची बखर

श्रीगजाननास वंदन, शारदेस वंदन, खाडीच्या वाऱ्यास वंदन, आणि जिच्या एका फटकाऱ्याने तारवे चालतात व थांबतात त्या हुजुरातीच्या लेखणीस तर साष्टांग दंडवत. शके अमुक हजार तमुक, धोरणबदलनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, ते दिवशी जे अपूर्व वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो. लिहिणार कोण, तर मंडळीचा कारकून. नाव सांगत नाही, कारण चूक त्याचीच होती.

एक राज्य होते आणि राज्यात एक खाडी होती. खाडीच्या अलीकडे सात वाड्या आणि पलीकडे हाजरा सुईण. सुईणीच्या हातास यश असे की अडलेली बाई तिजपाशी पोहोचली म्हणजे सुटलीच. परंतु पोहोचावे कसे? मग सत्यभामाबाई म्हणून एक धीराची बाई होती, तिणे चार माणसे जमवून मंडळी स्थापिली, आणि एक तारू बांधविले, आणि आबू तांडेलास सुकाणूवर बसविले, आणि चौघे वल्हेकरी ठेविले, आणि अडल्या बाईस फुकट पार न्यावे हा एकच नेम धरिला. हुजूर हे ऐकून बहुत संतोषी जाहले. ते साली आरोग्यावर मर्जी होती. सालाच्या खर्चाची नेमणूक करून दिली.

पुढले साली मर्जी फिरली. फर्मान आले की आरोग्य पुष्कळ जाहले, आता झाडे लावावी; झाडे न लावील त्याची नेमणूक बंद. मंडळी घाबरली. तेव्हा या कारकुनाने मसलत दिली की, "बाई, एकवीस मडक्यांत आंब्याची रोपे लावून तारूवर ठेवू आणि अर्जात 'तरती बाग' लिहू." बाई हसल्या आणि मडकी चढली आणि नेमणूक राहिली. तिसरे साली मर्जी हुन्नरावर गेली. मग चटया विणण्याचे दोन माग तारूवर चढविले आणि कळा देणाऱ्या बायांस दोन कळांच्या मध्ये चटई शिकविली ऐसे लिहिले. एक बाई खरोखरच अर्धी चटई विणून गेली, ती अजून घरी दाखविते. चौथे साली पशुधन. शेळी आली. तारू एकच, काम एकच, परंतु कागदी पाहता एवढे उद्योग की हुजुरातीस वाटले, हे काय आरमार आहे की काय! कारकुनाची छाती फुगली. आपण म्हणजे लेखणीचे सेनापती, ऐसे त्यास वाटो लागले.

पाचवे साली खजिन्यास ओढ लागली. फर्मान आले की मागील चारही सालांची कामे एकसमयी, चालू स्थितीत, कामाचे जागी दाखवावी; न दाखविल्यास नेमणूक खालसा. कामाची जागा म्हणजे तारूच! मग सप्तमीस सकाळी मडकी, माग, शेळी आणि चारही सालांच्या पाट्या तारूवर रचिल्या. पाहणीस विसाजीपंत आले. देह भारदस्त, बरोबर कागदांचा पेटारा आणि पेटाऱ्यावर दुसरा पेटारा. पंत चढले तेव्हा पाणी तारूच्या काठापासून चार बोटांवर आले. आबू तांडेल म्हणाला, "बाई, होडयेत आता माशी बसली तरी बुडतली." कारकून म्हणाला, "अशुभ बोलू नको." आणि पंत रोपे मोजू लागले.

तोच डोली आली. डोलीत वरच्या वाडीची आवडी, पहिलटकरीण, मूल आडवे, ओठ पांढरे पडलेले. मागून सासू धावत. तारूकडे पाहते तो बाईस निजवावयास वीतभर जागा नाही! जे तारू जिच्यासाठी बांधिले, त्यात तिच्याच कामाचे पुरावे भरले होते आणि तिला मात्र ठाव नव्हता. आणि या कारकुनाने, देव क्षमा करो, तोंड उघडले की, "पाहणी होईतो घटकाभर थांबता येईल काय?"

सासू म्हणाली, "मेल्या, पोर काय तुझ्या पाहणीसाठी थांबतला?"

लाज वाटली. आजही वाटते.

मग सत्यभामाबाईंनी पदर खोचिला आणि पहिले मडके उचलून खाडीत टाकिले. पंत ओरडले, "बाई, हा पुरावा! पुरावा बुडाला तर नेमणूक बुडाली, लिहून ठेवा!" बाई म्हणाल्या, "कारकून आहे लिहायला." आणि दुसरे टाकिले, आणि तिसरे, मग वल्हेकरी सरसावले, आणि मग कारकुनानेही आपल्या अकलेचे आंबे आपल्या हाताने बुडविले, आणि माग गेले, आणि पाट्या गेल्या, आणि खाडीत अशी काही बाग तरंगू लागली की अर्जात लिहिली होती ती प्रथमच खरी जाहली. शेळी मात्र उतरेना. चौघांनी ओढिली, एकाने विनविली. तिणे पाय रोविले ते रोविलेच. तरी तारू जडच. सर्वांनी पंतांकडे पाहिले.

"आम्ही हुजुरातीचे माणूस," पंत म्हणाले.

आबू म्हणाला, "खरा हा, सायबानू. पण तुमचो एकट्याचो भार चार बायकांचो आसा."

पंतांनी आवडीकडे पाहिले. मग जोडा काढिला आणि चिखलात उतरले, ते कमरेपर्यंत गेले, आणि पेटारे मागून आपणहून ओढून घेतले. तारू हलके होऊन बाणासारखे निघाले. घटकाभराने पलीकडून हाजरा सुईणीने लाल लुगडे फडकाविले, म्हणजे दोघी सुखरूप, आणि मुलगी जाहली. अलीकडे जो तो नाचू लागला. पंत रुतले होते म्हणून जागीच डोलले.

तेथेच पेटाऱ्यावर कागद ठेवून पंतांनी अहवाल लिहिला की, "तारूवर झाड नाही. माग नाही. शेळी एक, ती सहकार्य करीत नाही. बाई एक गेली, पलीकडे दोन जाहल्या. सबब तारू चालते." हुजुरातीने पहिल्या दोन ओळी वाचिल्या आणि नेमणूक खालसा केली.

मग वाईट दिवस आले, ते लपवीत नाही. चारांतले दोन वल्हेकरी मिठागरावर कामास गेले, जाताना रडले. नेमणुकीतून हाजरेस मिळे ते धान्य बंद जाहले. तेव्हा सात वाड्यांनी सात वार वाटून घेतले आणि ज्याच्या त्याच्या वारी वल्ही मारू लागले. सोमवारवाल्यांचे तारू आधी गोल फिरे, मग पुढे जाई. दर सप्तमीस एक भारदस्त गृहस्थ रजा घेऊन येत आणि वल्हे मारीत. नाव विचारू नये. आणि बाईंनी मधली एक फळी रंगवून नेम केला की हिजवर बाईखेरीज काही ठेवू नये.

सहावे साली पुनः फर्मान! पंतांच्या अहवालाची शेवटची ओळ कोणी वाचली असावी. आता 'रिक्ततारू योजना' निघाली: तारवे रिकामी ठेवावी, नेमणूक मिळेल, मात्र रिकामेपणाचे एकवीस पुरावे तारूवर हजर असावे. बाई इतक्या हसल्या की खाली बसल्या. मग हाजरेचे धान्य आठवून डोळे पुसले आणि कारकुनास म्हणाल्या, "लिही अर्ज. पण पुरावे तुझ्या घरात ठेव."

इत्यर्थ, नेमणूक आली, वल्हेकरी परतले, हाजरेस धान्य पोचले. कारकुनाच्या घरात एकवीस गठ्ठे आणि ती शेळी आहे, आणि कारकून ओटीवर निजतो. ही हकीकत वाचील त्यास अनुदान मिळेल ऐसे वचन देववत नाही. परंतु अडलेली बाई घेऊन कोणी काठावर आला तर हाक मारावी. फळी रिकामी आहे.