बबडीचा डावा पाय

गुडघा दुखतोय हे घरात कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी एका मंगळवारी सकाळी पळून आल्यावर, बुटाची नाडी सोडता सोडता ठरवलं. निर्णय तसा छोटासाच. माझे मोठे निर्णय अंगाशी येतात, म्हणून हल्ली मी छोटेच घेते.

लपवायला कारणही तसंच होतं. एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत मी नाव घातलं होतं आणि शर्यतीला सहा आठवडे उरले होते. त्यात मी एखादी गोष्ट सुरू करून तडीला नेल्याचं आमच्या घरात कुणाच्या आठवणीत नाही. गिटार कपाटावर आहे. परदेशी भाषेच्या वर्गात मी 'माझे नाव अमुक आहे' इथवर पोचले आणि बबडीचा जन्म झाला. स्वेटरची एक बाही विणून तयार आहे (ती मफलर म्हणून वापरायला नवरा तयार असतो, त्याचा स्वभावच चांगला आहे). या वेळी मात्र मी मागचे दोर कापायचे म्हणून सगळ्या जगाला सांगून ठेवलं होतं. ऑफिसात सांगितलं, शेजारी सांगितलं, दाताच्या डॉक्टरांनाही सांगितलं, तेही तोंडात त्यांचे दोन्ही हात असताना. आता 'गुडघा दुखतोय' म्हटलं असतं तर घरात कुणी एक अक्षर बोललं नसतं. ते न बोलणंच मला नको होतं.

तेव्हा गुप्तता. बाथरूमचं दार लावून, गोठवलेल्या मटाराची पिशवी गुडघ्यावर धरून बसायचं. जिन्याशी आलं की 'तुम्ही व्हा पुढे, मी कुलूप लावते' म्हणायचं. चालताना फारच कळ आली तर तोंड वाकडं होण्याआधी ते हसरं करायचं. माझ्या मते अभिनय बेमालूम होता.

तिसऱ्या आठवड्यात बालवाडीतून टीचरांचा फोन आला.

"बबडीची आई ना? घाबरण्यासारखं काही नाही."

(एवढ्यावर न घाबरणारी आई असेलही कुठे. मी तर 'हॅलो'लाच घाबरते.)

"बबडी लंगडतेय. दोनेक आठवडे झाले असतील. आधी आम्हाला वाटलं, बूट चावत असेल. पण बूट काढले तरी लंगडते. डावा पाय."

मी ऑफिसातून तडक निघाले. बालवाडीच्या फाटकातून पाहिलं, तर माझी साडेतीन वर्षांची पोर अंगण ओलांडून येत होती. डावा पाय ओढत, ओठ घट्ट मिटून. आणि दर चार पावलांनी, समोर कुणी नसताना, गोड हसत होती. एवढीशी पोर, पण आईला कळू नये म्हणून दुखणं लपवतेय, असं मनात आलं आणि माझे डोळे भरून आले.

घरी तिला खुर्चीवर बसवून चौकशी सुरू झाली.

"बबडे, पाय दुखतो?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग अशी का चालतेस?"

"अशीच चालतात."

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असं कुणाचं नाही बाई." मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडे?"

"आमच्याकडे सगळे सरळ चालतात, आई," असं ठणकावून मी पाणी आणायला उठले आणि हसत हसत, टेबल धरून, स्वयंपाकघरात गेले.

पाणी आणता आणता मी फोनवर लक्षणं टाकून पाहिली. अकरा आजार निघाले. त्यातले नऊ बबडीला तंतोतंत लागू पडत होते. उरलेले दोन मला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रजा टाकली आणि आम्ही बबडीला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पाय दाबून पाहिला, वाकवून पाहिला, रबरी हातोडीने ठोकून पाहिला. पाय जागच्या जागी उडाला. बबडी म्हणाली, "परत करा."

"पायाला काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जरा बाहेर चालवून बघू. आई, तुम्ही तिचा हात धरून त्या टोकापर्यंत जा आणि परत या."

बाहेर लांबलचक पॅसेज होता. दोन्ही बाजूंना बाकांवर पोरं आणि आईबाप. आम्ही मायलेकी निघालो. डावं पाऊल टाकलं की दोघी एकदम खाली, उजवं टाकलं की दोघी एकदम वर. चौथ्या पावलाला दोघी एकदम हसलो. बाकांवरच्या लोकांनी फोन खाली ठेवले. नर्स भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"किती दिवस दुखतोय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"टीचर म्हणाल्या, दोन आठ..."

"तिचा नाही. तुमचा."

"तीन आठवडे," मी म्हटलं. इतकं हळू, की त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"आणि वर पळताय?"

"हळू पळते."

"मुलगी ठणठणीत आहे. तुम्ही नीट चालायला लागलात की तीही लागेल. मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि निदान महिनाभर पळणं बंद."

"पण शर्यत तीन आठवड्यांवर आलीय हो."

त्यांनी पेनाने नुसतं समोर दाखवलं. बबडी पाणी प्यायला निघाली होती, डावा पाय ओढत. तिच्यामागून सर्दीसाठी आलेला एक मुलगा निघाला होता, तोही डावा पाय ओढत.

"साथ पसरायच्या आत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी तिथेच फोन काढून शर्यतीतून नाव मागे घेतलं. खोटं कशाला सांगू, बबडीचा पाय धडधाकट आहे या आनंदात मला गाडीपर्यंत कशाचं वाईट वाटलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र सगळं एकदम वाटलं. नवरा काही बोलला नाही. रुमाल दिला.

"तीन आठवडे तुला काही म्हणजे काहीच दिसलं नाही?" मी नाक पुसत विचारलं. निदान अभिनय तरी तडीला गेला असं त्याने म्हणावं, एवढीच अपेक्षा होती.

"दिसलं ना. पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, पळणाऱ्यांची काही खास पद्धत असेल ती. अशी एका बाजूला झुकून. मी तर आमच्या ऑफिसातल्या स्टोअरकीपरला करूनही दाखवली."

"आणि?"

"तो रोज तसाच पळतो. म्हणतो, गुडघ्यावर अजिबात ताण येत नाही. कालच त्याने तुझ्या त्या शर्यतीत नाव घातलं."

"एकवीस किलोमीटरला?"

नवऱ्याने गाडी सुरू केली. "बेचाळीस."