सुभेदारांचं मर्दानी पाकीट

आमचे साताऱ्याचे शेजारी सुभेदार मोहिते रोज सकाळी ओठांत सिगारेट धरून फाटकात उभे राहतात आणि ती पेटवत नाहीत. मिरजेला हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून धूर बंद आहे, रुबाब चालू आहे.

हा रुबाब जाहिरातीतून उचललेला. पूर्वी मासिकाच्या मागच्या पानावर घोड्यावर बसलेला एक गडी सिगारेट ओढायचा. त्याच्यासारखे डोळे बारीक करून सुभेदार आजही बघतात. माणसाची पारखही पाकिटावरून. "सिंव्हाचं चित्र आसंल तर गडी, फुलाचं आसंल तर बायकी!" तरुणपणी मी एकदा फुलाच्या पाकिटातली लांब, बारीक सिगारेट ओढताना त्यांना सापडलो. "आवं मास्तर, त्यापरीस लिपस्टिक लावा की!" असं ते भर चौकात ओरडले.

तरी मला त्यांचा मनस्वी हेवा वाटतो. सत्तरीतही कणा ताठ, मिशांना पीळ. आमची ही गॅलरीतून म्हणते, "बघा, सुभेदार कसे दिसतात!" दळण आणताना मी कसा दिसतो, हे तिने कधी सांगितलेलं नाही.

गेल्या पितृपक्षात त्यांनी हिला अविधवा नवमीला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात आणि सुभेदारांच्या मंडळी, आक्का, आदल्याच वर्षी गेल्या होत्या. बोलावणं रीतीचंच. पण आदल्या संध्याकाळी टपरीवर सुभेदारांना मी पाकीट घेताना पाहिलं. फुलाचं! माझ्या डोक्यात नाही नाही ते शिरलं. दुसऱ्या दिवशी मी बिनबोलावता हिच्याबरोबर गेलो.

सुभेदार कावळ्यासाठी पान घेऊन गच्चीवर निघाले, तसा मीही मागोमाग. पानावर भात, पुरणपोळी, अळूवडी आणि कडेला ती बारीक सिगारेट.

"हिची हाय," सुभेदार म्हणाले. "लगीन करून छावणीत आणली, तवा जाहिरातीतली बाई वढताना बघून म्हणली, मला बी एक द्या. मग जेवणं झाली की दार लावायचं आन् दोघांनी वढायची. लय हसायची. गावाकडं आल्यावर बी, पार शेवटपतुर."

"आणि चौकात नावं ठेवायचात ती?"

"मी शिव्या घालतूय म्हणल्यावर त्ये पाकीट आमच्याच घरात आसंल, आसं कुणाच्या मनात बी आलं न्हाई. न्हाईतर मोहित्यांच्या सुनंला लोकांनी जगू दिलं आसतं व्हय?"

कावळा येईना. सुभेदारांनी पानावरची सिगारेट हलक्या हाताने सरळ केली. "ये गं," म्हणाले, आणि पंच्याने डोळे पुसले.

घरी येताना ही म्हणाली, "पुरणपोळ्या छान झाल्या होत्या." मी नुसतं हूं म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात दार आम्हीही लावत आलो, पण डास येतात म्हणून. सुभेदारांच्या मिशांवर जळत होतो, तोवरच बरं होतं.