डब्यातून निघालेलं विमान

आमच्या खराडीच्या सोसायटीत कुणाकडे नवी वस्तू आली की वाघमारे मॅडम ती आधी कानाशी धरून हलवतात. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, काहीही. आत काही खुळखुळलं की निकाल तयार: "रिजेक्ट!" दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचा नवा जावई तेवढा त्यांनी हलवला नाही. नुसता चष्म्यावरून पाहिला आणि म्हणाल्या, "बघू."

मॅडम एका मोठ्या कारखान्यात क्वालिटी विभागाच्या प्रमुख होत्या. निवृत्त झाल्या, पण विभाग घरी घेऊन आल्या. समोरच्याच फ्लॅटमध्ये एकट्या राहतात.

मी रिमोटवर उडणारं जेट विमान मागवलं, तेव्हा खोकं लिफ्टमधून बाहेर काढतानाच त्यांनी मला गाठलं.

"काय आहे, जगताप?"

"जेट आहे, मॅडम. जोडाजोडीची भानगड नाही. डब्यातून काढा आणि उडवा, असं लिहिलंय."

त्यांनी झाकण उघडलं, विमान बाहेर काढलं. "पहिला भाग खरा आहे. डब्यातून निघतं."

मग कानाशी धरून हलवलं. आत एक स्क्रू मोकाट फिरत होता. त्यांनी शेपटीला हलकेच बोट लावलं आणि शेपटी त्यांच्या हातात आली.

"डिंक लावलेला नाही, नुसता दाखवलाय," त्या म्हणाल्या. "तुम्हीही क्वालिटीतच ना हो?"

"मी सॉफ्टवेअर तपासतो."

"तरीच माझ्या बँकेचं ॲप चालत नाही."

मी कंपनीला तक्रार केली. उत्तर आलं, 'अशी तक्रार आमच्याकडे प्रथमच आली आहे.' मॅडम म्हणाल्या, "साहजिक आहे. बाकीच्यांची विमानं उरलीच नसतील."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी विमान घेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलापाशी हजर. दर रविवारी नवा दोष, नवी दुरुस्ती. एक पंख वर, एक खाली: "उजवा पुण्याचा, डावा नाशिकचा." आतला पंखा घरघरायचा: "आत कोणी झोपलंय का?" रिमोटवर डावीकडे वळवलं की शेपटीवरची पट्टी उजवीकडे वळायची: "ऐकतंय सगळं, फक्त विरोधी पक्षात आहे." मला विमान उडवायचं होतं आणि त्या ते उडू देत नव्हत्या. बायको म्हणाली, "त्यापेक्षा पतंग घ्यायचा होतात."

शेवटी एका रविवारी मॅडमनी विमान खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पास."

आम्ही वाघोलीच्या पलीकडच्या माळावर गेलो. तिथे हौशी मंडळी जमतात. एका गृहस्थांकडे अगदी आमच्यासारखंच विमान होतं, त्याच दिवशी डब्यातून काढलेलं. मॅडम पुढे झाल्या. "अहो, शेपटी ओढून बघा एकदा."

"कंपनीने तपासूनच पाठवलंय, मावशी," ते हसले.

विमान झोकात वर गेलं. पहिल्याच वळणावर शेपटीने वेगळी वाट धरली आणि उरलेलं विमान नाकावर शेजारच्या ज्वारीत शिरलं. कुणाला लागलं नाही. मला वाटलं, मॅडम आता काहीतरी जळजळीत बोलणार. पण त्या गृहस्थांबरोबर त्याही ज्वारीत शिरल्या आणि तुकडे वेचू लागल्या. "जोडता येईल," असं म्हणत होत्या.

मग आमचं उडालं. काय उडालं! माळावरून दोनदा सणसणत गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि शहाण्या कुत्र्यासारखं पायाशी येऊन थांबलं. मी नाचायचाच बाकी होतो. मॅडम म्हणाल्या, "चला, झालं मग." परतीच्या वाटेवर गाडीत त्या काहीच बोलल्या नाहीत. खराडीच्या सिग्नलला समोरच्या बसचा दिवा बंद होता, त्यावरसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मॅडम.

"माझा पेपर चुकून तुमच्याकडे आलाय का?"

पेपर त्यांच्याच काखेत होता.

"नाही आला," मी म्हणालो.

"बरं." तरी त्या उभ्याच. "विमानाची काही तक्रार?"

"छे! उत्तम आहे."

"असं होय." त्या वळल्या. त्यांचं दार उघडंच होतं. आत टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, स्क्रू ठेवायची वाटी होती, आणि चहाचे दोन कप.

"मॅडम," मी घाईने म्हणालो, "पुढचं चाक जरा अडकल्यासारखं वाटतंय हो."

"मग बोलत का नाही? आणा."

चाक काढलं, पुसलं, तेल दिलं, फिरवलं. त्या बोलत होत्या: कारखान्याबद्दल, तिथल्या कँटीनमधल्या रिजेक्ट करण्याजोग्या वड्याबद्दल, बदलीवर गेलेल्या मैत्रिणींबद्दल. मी ऐकत होतो. चहा दोनदा झाला. निघताना त्यांनी विमान माझ्या हातात दिलं.

"चाकाला काहीही झालेलं नाही, जगताप. तुम्हाला धड खोटंही बोलता येत नाही."

मी विमान काखेत मारून दाराबाहेर पडलो.

"पुढच्या रविवारी येताना," त्या दार लोटता लोटता म्हणाल्या, "काहीतरी नीट मोडून आणा."