मातीचा प्रकार : निरंक

'अस्सल हस्तकला' प्रमाणपत्राच्या अर्जात चौथा रकाना 'वापरलेल्या मातीचा प्रकार' असा होता. निळ्या भांड्यांच्या कारागिरानं तिथं खरं ते लिहिलं : निरंक. एवढी एक चूक सोडली तर माणूस सज्जन होता. ही भांडी मातीची नसतातच. पांढऱ्या दगडाची पूड, काचेची पूड आणि डिंक मळून ती होतात, हे त्याला पिढीजात ठाऊक होतं. खात्याला नव्हतं. आणि प्रमाणपत्राशिवाय यापुढे साधी बशीही विकायची सोय नव्हती.

"मातीच नाही, तर भांडं कसलं?" तपासनीसानं बरणी उचलून विचारलं.

"हे काय, तुमच्या हातात आहे साहेब."

"हातात असून काय उपयोग? कागदावर कुठंय?"

प्रकरण काच विभागाकडे गेलं. आरपार दिसत नाही, सबब ही काच नव्हे, असं त्यांनी कळवलं. पाषाण विभागानं दगड मळता येत नसल्याचं निदर्शनास आणलं. अखेर संयुक्त समिती कारागिराच्या घरीच थडकली. बायकोनं चहा दिला. समितीनं निळ्या कपांतून तो फुर्रकन संपवला आणि कप तूर्त अस्तित्वात नसल्यानं चहा मिळाला नाही, अशी नोंद केली.

"आतून पाहिल्याशिवाय मत देता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "नमुना फोडावा लागेल. घरातला सर्वांत जुना."

सर्वांत जुनी होती फडताळातली सुरई. लग्नानंतर बायकोनं पहिल्यांदा कुंचला धरला तो तिच्यावर. काढायचा होता मोर, झाली कोंबडी. कारागिराचा त्या कोंबडीवर जीव होता.

"साहेब, एवढी सोडून काय हवं ते फोडा," त्यानं हात जोडले. पण 'काय हवं ते' नियमात बसत नव्हतं.

"द्या हो त्यांना," बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली. "सुरई राखून भट्टी विझवायची का?"

सुरईचे सत्तावीस तुकडे झाले. अध्यक्षांनी एक तुकडा भिंगाखाली धरला आणि सद्गदित होऊन म्हणाले, "अस्सल!" सत्तावीस प्रमाणपत्रं तिथल्या तिथं निघाली. अखंड भांड्यांच्या आतलं कुणी पाहिलेलं नसल्यानं ती अर्थातच संशयास्पद ठरली.

मग संग्राहकांची रीघ लागली. "आमच्याकडे आहे एक, पण धडधाकट," एक बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "चारचौघांत लाज वाटते हो." कोंबडीची चोच एका दिवाणखान्यात गेली, शेजारी प्रमाणपत्र, चोचीच्या चौपट चौकटीत. कारागीर सकाळी घडवायचा, बायको रंगवायची, दुपारी खात्याचा मुख्य भंजक येऊन फोडायचा. त्याला दोन सहायक मंजूर झाले.

बायकोला हे सोसवेना. "एक तरी भांडं सगळंच्या सगळं कुणाच्या घरी जाऊ दे," म्हणून तिनं एका बरणीवर वेल काढली. तिच्या आयुष्यातली सर्वांत देखणी. बरणी तिनं खिडकीत ठेवली, खाली चिठ्ठी लावली : आवडेल त्यानं न्यावी, फुकट.

पुष्कळ जण आले. तुम्हीही आला होतात. तुम्ही बरणी उचललीत, पालथी केलीत, तळाशी प्रमाणपत्राचा शिक्का नाही असं पाहिलंत आणि परत ठेवून दिलीत. वेलीकडे तुमचं लक्षच गेलं नाही. बायको पडद्याआड उभी होती.