आबांचं वाढलेलं कॅल्शियम

रक्ताचा रिपोर्ट हातात पडताच लोणखेड्याच्या रतिलाल आबांनी पेढे मागवले. सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही म्हणून सून रोहिणीने त्यांना तपासणीला धाडलं होतं. साखर ठीक निघाली. वाढलं होतं फक्त कॅल्शियम.

"भिकन, मन्हं कॅल्शियम मापना बाहेर गयं!" आबांनी शेजाऱ्याच्या हातावर पेढा ठेवला. "मन्हा हाडकं आते लोखंडना शेतस."

"मन्हं त नेहमी कमीच निंघस," भिकन हिरमुसला.

"आबा, रिपोर्ट डॉक्टरले दखाडूत," रोहिणी म्हणाली.

"चांगलं व्हयनं तेन्हाबी इलाज करतस का?" असं म्हणून आबांनी दूध वाढवलं.

मग ते बसल्या जागी पेंगू लागले आणि त्यांचा रोजचा आरडाओरडाही थांबला. बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर शहाद्याला गेले आणि रिक्षाने परतले. अंगणात गाडी दिसेना, तेव्हा त्यांनी "चोर! चोर!" करून गल्ली गोळा केली. भिकन काठी घेऊन हायवेपर्यंत धावला. कोणीतरी पोलिसांना फोन केला. शेवटी गाडी सापडली ती भाजीबाजारासमोर, किल्लीसकट. हँडलला मेथीची पिशवी होती आणि मेथी एक गाय निवांत खात होती.

रोहिणी आणि सासूबाई नर्मदाबाई त्यांना थेट दवाखान्यात घेऊन गेल्या.

"रक्तात कॅल्शियम वाढलं म्हणजे हाडं मजबूत झाली असं नसतं, आबा," डॉक्टर म्हणाले. "उलट तहान लागते, पोट साफ होत नाही, गुंगी येते, विसरायला होतं. मूत्रपिंडावरही ताण पडतो. गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"सकायले कॅल्शियमनी गोयी मी देस," नर्मदाबाई म्हणाल्या.

रोहिणी चपापली. "तुम्हीबी देतस? मी रातले देस!"

"नि पोरनी 'ड' जीवनसत्त्वन्या पुड्या धाड्यात," आबांनी भर घातली. "दूधमा मस्त लागतीस. रोज लेस."

"रोज?" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अहो, ती पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची!"

सगळं बंद झालं. आबांना दाखल करून सलाइन लावलं, पुन्हापुन्हा रक्त तपासलं. हळूहळू कॅल्शियम उतरलं, तशी गुंगीही उतरली.

घरी आल्यावर आबा पहाटेच उठले. नळ गळतो म्हणून ओरडले, चहा पातळ म्हणून ओरडले, रोहिणी मोबाइल बघते म्हणून ओरडले आणि भिकनची बकरी दारात आली म्हणून भिकनवरही ओरडले.

नर्मदाबाईंनी स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.

"रोहिणी," त्या कुजबुजल्या, "डॉक्टर जरा जास्तच हुशार निंघना वं."