ठोकाजीची चोच आणि तीन खिडक्या

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. ऊन असं, की सावलीसुद्धा झाडाच्या बुंध्याला चिकटून बसली होती. आभाळ राखेच्या रंगाचं. पळसाचं एक पान हलेना. असल्या दिवशी शहाणा प्राणी घर सोडत नाही. पण एका जंगलात ठोकाजी नावाचा सुतारपक्षी होता, तो नेमका त्याच दिवशी बाहेर पडला. बसा नीट, बाळांनो. सावकाश सांगतो.

ठोकाजीला चोच एक आणि कामं तीन. सकाळी सिंहमहाराजांच्या दरबारात नोकरी. दरबार भरला, की सागाच्या खोडावर ठकठक करून जंगलाला कळवायचं. दुपारी स्वतःचा धंदा. पोपटांना आणि पिंगळ्यांना ढोल्या कोरून द्यायच्या. संध्याकाळी कुणाच्या झाडाला कीड लागली आणि हाक आली, की जायचं. नोकरीत आणि धंद्यात अळ्या मिळायच्या. संध्याकाळचं काही खरं नसायचं. कुणी चार उंबरं द्यायचं, कुणी नुसतं ‘बरं झालं बाबा’ म्हणायचं.

एवढं राबायचं कारण घरात होतं. बायको रेवती दोन अंड्यांवर बसली होती. आज-उद्या पिल्लं बाहेर येणार होती.

तेवढ्यात महाराजांनी दवंडी पिटवली. जो कमावतो, त्यानं दहावा वाटा द्यावा. सगळ्या जंगलानं ऐकली आणि सगळं जंगल गप्प बसलं. रेवती म्हणाली, कुणी बोलवायला आलं तर जा. पण ठोकाजीला ते पटेना. पाणवठा राजाचा, वाट राजाची, मग वाटा नको का द्यायला? शिवाय सुतारपक्ष्याची एक सवय असते. कुठंही बसला, की आधी ठोकून बघतो. आत काय आहे ते कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

वाटा भरायला तो ज्या कचेरीत निघाला, ती एका जुन्या सावरीच्या झाडात होती. तिला तीन खिडक्या. पहिली नोकरीची, दुसरी धंद्याची, तिसरी किरकोळ कामांची. तिन्ही खिडक्यांमागं साळिंदर एकच. लेखण्या पाठीवरच असल्यानं त्याची नेमणूक झाली होती. तो एका खिडकीतून उठायचा, दुसऱ्या खिडकीत जाऊन बसायचा आणि ठोकाजीला पुन्हा नाव विचारायचा.

पहिल्या खिडकीत कळलं, की नोकरीतला वाटा दरबारानं आधीच कापून घेतलाय. मात्र कापल्याचं पान दरबारातून आणायला हवं. ठोकाजीनं आणलं. दुसऱ्या खिडकीत कळलं, की धंद्यात चोच झिजते, त्याची सूट मिळते. पण हीच चोच नोकरीत आणि किरकोळ कामांतही झिजते, म्हणून सूट फक्त तिसऱ्या हिश्श्याची. आणि पुढच्या उन्हाळ्यात किती अळ्या खाणार, ते आजच सांगून त्यांचाही वाटा आजच ठेवायचा. ठोकाजीनं ठेवला.

तिसऱ्या खिडकीत साळिंदरानं विचारलं, “‘बरं झालं बाबा’ याची बाजारात किंमत काय?”

आणि लगेच साळिंदरानं ती अंदाजानं दोन अळ्या धरली.

शेवटी तिन्ही खिडक्यांची बेरीज झाली आणि एक अळी जुळेना.

“दरबाराच्या खोडातून सकाळी निघालेली, तू दुपारी धंद्यावर असताना खाल्लेली,” साळिंदर म्हणाला. “ती नोकरीची की धंद्याची?”

“ती भुकेची होती, साहेब.”

“भुकेची खिडकी नाही.”

ठोकाजीनं सवयीनं कचेरीचं खोड ठोकलं. आवाज ऐकून दचकला.

“साहेब, हे झाड आतून पोखरलंय. एखादं वादळ आलं तर पडेल. मी कीड काढतो. फुकट काढतो.”

“फुकटचं हे चौथं काम झालं,” साळिंदर म्हणाला. “आधी तीन जुळव.”

आणि नियमाप्रमाणं, हिशेब जुळेपर्यंत, त्यानं ठोकाजीच्या चोचीला डिंकाची मोहोर लावली. पाणी शिरेल एवढी फट ठेवली. महाराज दयाळू होते.

ठोकाजी घरी पोचला, तर पिल्लं बाहेर आली होती. दोन उघड्या चोची बापाकडं बघत होत्या आणि बापाची बंद. रेवती एकटी फिरफिर फिरली. एकीच्या कमाईत दोघांची पोटं भरेनात. दुसऱ्या दिवशी धाकटं पिल्लू मान वर करीना.

तिसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली. सावर मुळापासून आडवी झाली. साळिंदर वाचला, कारण तेव्हा तो दोन खिडक्यांच्या मध्ये होता. कचेरीतली पानं मात्र जंगलभर उडाली. ज्याच्या दारात पडली त्यानं ती उचलून वाचली. सशानं वाचली, कोल्ह्यानं वाचली, हरणांनी वाचली. शेकडो पानं होती आणि प्रत्येक पानावर एकच नाव. ठोकाजी.

संध्याकाळी साळिंदर आपण होऊन ठोकाजीच्या झाडाखाली आला. महाराजांचा हुकूम होता, नवी कचेरी उद्याच्या उद्या कोरायची. आणि जंगलात कोरायचा धंदा करणारी चोच एकच. त्यानं नखानं डिंक खरवडून काढला. ठोकाजीनं आधी जवळच्या फांदीतली अळी ओढली आणि धाकट्याच्या तोंडात घातली. बऱ्याच वेळानं धाकट्यानं ती गिळली.

मग नवी कचेरी झाली. मजुरी मिळाली नाही, ती कुठल्या खिडकीत लिहायची हे ठरेना म्हणून. या वेळी खिडक्या चार आहेत. चौथी भुकेची.

तात्पर्य : बाळांनो, कामं तीन करा, हवी तर तेरा करा, पण दवंडी ऐकून स्वतःच्या पायानं कचेरीत जाऊ नका. हे आपलं माझं म्हणणं. ठोकाजीची शेजारीण घोरपड, जी त्याच झाडाच्या बुंध्यात वीस वर्षं राहते आणि जिचं नाव कुठल्याच पानावर नव्हतं, तिला तसं वाटत नाही. डिंक निघाला त्या संध्याकाळी ती उन्हाच्या शेवटच्या तुकड्यात पडल्या पडल्या त्याला म्हणाली, “जिवाला जप हो, ठोकाजी. तुला काही झालं, तर राज्य कुणाच्या जिवावर चालायचं?”